पडद्याच्या मागून पाहिलेलं भूत

गेल्या मे महिन्यात नातीच्या तीन मैत्रिणी आमच्या साताऱ्याच्या घरी मुक्कामाला आल्या होत्या. परीक्षा संपलेल्या, पंखा पाचवर आणि दिवसभर नुसत्या गप्पा. मी गच्चीवर कुरडया वाळत घालून खाली आले तर विषय चालला होता भुताच्या सिनेमांचा. कुठला सिनेमा बघून कोणाची सगळ्यात जास्त टरकली. एकजण म्हणाली, तिनं महिनाभर आरशात बघून वेणी घातली नाही. दुसरीला अजूनही न्हाणीघराच्या जाळीतून कोणीतरी वर बघतंय असं वाटतं. तिसरी पाचगणीला वसतिगृहात शिकलेली. तिथं म्हणे सात मुलींनी एका चादरीखाली एका फोनवर सिनेमा बघितला आणि मग सातही जणी एकाच पलंगावर झोपल्या. पलंग मोडला, आणि त्या आवाजानं उरलेलं वसतिगृह भ्यालं. एवढं हसून झाल्यावर त्यांना माझी आठवण झाली. आजी, तुम्ही कधी बघितलाय का असला सिनेमा?

म्हटलं, बघितलाय की. पण मागून.

त्यांना वाटलं, मागच्या रांगेतून. मग मला सगळं सांगावं लागलं.

आमचं माहेर माणदेशातलं, मेंढरांमागं फिरणारं घर. गावच्या जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. तंबूच्या बरोबर मध्ये दोन खांबांना पडदा बांधलेला असायचा, साधं पांढरं कापड. पुढच्या बाजूला पुरुष आणि खुर्चीचं तिकीट काढणारी माणसं. पडद्याच्या मागच्या बाजूला जमिनीवर आम्ही बायका आणि पोरी, निम्म्या तिकिटात. कापड पातळ, त्यामुळं चित्र इकडूनही दिसायचं, जरा मळकं. आमच्या बाजूनं पडद्याला एक ठिगळ लावलेलं होतं. ते नेमकं सगळ्यांच्या कपाळावर यायचं. नायक असो, नायिका असो, भूत असो, प्रत्येकाच्या कपाळावर ठिगळ. त्या तंबूत मी चौदा वर्षांची असताना जो सिनेमा बघितला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात भीतिदायक. नाव आज आठवत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं, कारण मला वाचता येत नव्हतं. पण माळी आठवतो.

एक मोठा बंगला असतो. त्या बंगल्याचा माळी मेलेला असतो, पण कामावर यायचं काही तो सोडत नाही. दिवेलागणीला बागेत हजर. गालावर भाजल्याचा हा एवढा डाग आणि हातात कोयता. जो कोणी त्याच्याकडं टक लावून बघेल त्याचे डोळे तो काढतो आणि ताटलीत ठेवतो. हा ताटलीचा प्रसंग मी स्वतः बघितला नाही. त्या वेळी आईनं माझं तोंड पदरात घट्ट दाबून धरलं होतं, श्वाससुद्धा घेता येईना. ताटलीचं नंतर दाजींनी सांगितलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. अक्काचं लग्न होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. दाजी पलटणीत होते, रजेवर आलेले, रजेचे आठ दिवस उरलेले. शिराळ्याहून ती दोघं आमच्या जत्रेला आली होती. पलटणीतला जावई, तो काय बायकोला जमिनीवर बसवणार? त्यांनी दोन खुर्च्यांची तिकिटं काढली. त्यामुळं अक्कानं तो सिनेमा पुढून बघितला आणि मी मागून. मध्ये ते एक कापड.

आणि तिथून आमचं भांडण सुरू झालं. माळ्याचा डाग डाव्या गालावर होता, कोयता डाव्या हातात होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. अक्का म्हणायची, उजवा. दुसऱ्या दिवशी न्याहारीला भांडलो, तिच्या पहिल्या बाळंतपणात भांडलो, माझ्या लग्नात बांगड्या भरताना भांडलो. कासार बिचारा कंटाळून म्हणाला, बायांनो, ते भूत तरी कुठल्या हातात बांगड्या भरत होतं ते सांगा. पन्नास वर्षांवर झाली या गोष्टीला. दाजींना विचारलं की तेही म्हणायचे, उजवा, आणि मिशीत हसायचे. मी म्हणायची, तुम्ही बायकोचीच बाजू घेणार. दाजींना जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यानंतर आम्ही जरा हळू भांडायला लागलो, एवढंच.

पोरी खूश झाल्या. नात म्हणाली, आजी, तो सिनेमा मी शोधून काढते. मी म्हटलं, नाव नाही, गाव नाही, कुठं शोधशील? पण या मुलींच्या हातात ते फोन म्हणजे काय विचारता. बंगला, माळी, कोयता असं काहीबाही टाकत बसली आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी फोन माझ्या नाकाशी धरला. खाली लोकांनी काय काय लिहिलेलं ते तिनं वाचून दाखवलं. कोणी लिहिलं होतं, याच्याइतका भीतिदायक सिनेमा आजवर बघितला नाही. एकानं लिहिलं होतं की या सिनेमानंतर त्याच्या वडिलांनी अंगणातलं बागकाम कायमचं बंद केलं. मला फार बरं वाटलं. आपण एकट्याच भ्यालो नव्हतो. पण सिनेमा मी लगेच बघितला नाही. म्हटलं, हा बघायचा तर अक्काबरोबर. भांडण दोघींचं आहे.

आता मला अक्काचं खरं दुखणं सांगितलं पाहिजे.

अक्का शिराळ्याची. तिथल्या बायका नागाला भीत नाहीत. अक्काच्या गोठ्यात एकदा नाग निघाला तर ती सुपानं दाणे पाखडता पाखडता त्याला म्हणाली, जा बाबा तुझ्या वाटंनं, मला काम हाय. अशी ही बाई. पण गेली तीन वर्षं तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि ती ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हती. तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, तीनदा तारीख घेतली. पहिल्यांदा ती म्हणाली, शेळी व्यायची आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, पावसाळा आहे, जखम चिघळेल. तिसऱ्यांदा तर गाडीत बसून पेठ नाक्यापर्यंत गेली आणि तिथं लघवीचं निमित्त काढून उतरली ती परतीच्या एसटीत जाऊन बसली. कंडक्टरला म्हणाली, त्यो मागं हाका मारतोय त्यो माझा कुणी न्हाई. भाचा हे सांगताना हसत होता, पण त्याचा आवाज काही हसत नव्हता. डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं की मोती फार पिकला तर डोळ्यात दाब वाढतो, मग नजर जाते ती कायमची, पुढं कोणी काही करू शकत नाही. मावशी, तूच ये, तो म्हणाला, तुझ्याशी भांडायला तरी ती शुद्धीवर असते.

तिला भीती कशाची आहे हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आमच्याकडं जुन्या बायकांची समजूत आहे की मोतीबिंदूला डॉक्टर डोळा बाहेर काढतात, ताटलीत ठेवतात, पुसतात आणि परत बसवतात. अक्काच्या डोक्यात ही ताटली आणि ती ताटली एक झाली होती.

जूनच्या सुरुवातीला मी नातीला घेऊन निघाले. कराडला गाडी बदलली, पेठ नाक्यावर वडापची जीप मिळाली, दुपारी शिराळ्यात. अक्कानं मला पावलांवरून ओळखलं. चहा ओतला तो निम्मा कपात आणि निम्मा बशीच्या बाहेर, आणि मी फडकं घेतलं तर माझ्या हातावर चापट मारली की तिला पुसता येतं. भिंतीला हात लावत ती स्वयंपाकघरातून पडवीत येत होती. चालताना ओठ हलत होते. नातीनं मला हळूच सांगितलं, अक्काआजी पावलं मोजतेय. ही बाई कधीकाळी माळावरच्या दोनशे मेंढरांतून आपलं लंगडं कोकरू लांबून ओळखायची.

जेवणं झाल्यावर मी विषय काढला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिचं आता बघायचं काय राहिलंय, नातवंडं बघितली, सुना बघितल्या, आता देव जेवढं दाखवेल तेवढं पुरे. मी चिडले. मग मी नातीला म्हटलं, लाव तो सिनेमा. मला वाटलं होतं, सिनेमा किती पोरकट आहे हे तिला कळलं की भीती जाईल. दुपारचे तीन वाजलेले, पडवीत लख्ख उजेड, शेळ्या रवंथ करतायत. अशा वेळी भुताची काय हिंमत?

फोन पाटावर पाण्याच्या तांब्याला टेकून ठेवला. सिनेमाचं नाव आलं, माणसांची नावं आली. आता मला वाचता येतं. ते कसं शिकले हे वेगळं पुराण आहे, मुलाच्या अंकलिपीवरून आणि किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून. सगळी नावं मी मोठ्यानं वाचली. बंगला आला, वारा आला, दिवेलागण आली. आणि माळी वळला.

डाग उजव्या गालावर होता. कोयता उजव्या हातात होता.

मी नातीकडं बघितलं. हळूच म्हटलं, हे कोणी उलटं केलंय का? नात माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, आजी, तू मागून बघितला होतास ना? मागून बघितलं की सगळं उलटंच दिसणार. नावंसुद्धा उलटी दिसली असतील तुला. आणि मग मला कळलं. नावं उलटी दिसली असणारच. पण ज्या पोरीला अक्षरच येत नाही तिला सुलटं काय आणि उलटं काय? त्या तंबूत माझ्या बाजूला बसलेल्या शंभर बायकांपैकी एकीलाही ते कळलं नसेल. आम्ही सगळ्यांनी डावखुरं भूत घरी नेलं.

अक्काला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. नात माझ्या कानाशी बोलली होती. अक्का फोनकडं तोंड करून बसली होती, मान वाकडी करून, जसं काही कोन बदलला की दिसेल.

"कुठल्या गालावर हाय?" तिनं विचारलं.

उजव्या, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पन्नास वर्षांची हार कबूल करायला मला एक क्षणही लागला नसता. पण तिच्या मानेकडं बघून मी थांबले.

"तूच बघ की," मी म्हटलं. अक्कापुढं बसलं की माझी साताऱ्याची भाषा गळून पडते.

"मला दिसतंय व्हय? धुरात बसल्यावानी हाय सगळं."

"मग दिसंल तवा बघ. मी सांगणार न्हाई."

ती आधी हसली. मग तिनं नातीला बोरमाळेची लालूच दाखवली. नात म्हणाली, आजीनं शपथ घातलीय. तशी मी घातली नव्हती, पण पोरगी हुशार आहे. मग अक्काला खरोखर राग आला. म्हणाली, फोन बंद करा, माझ्या शेळ्या बुजतायत. शेळ्या झोपल्या होत्या. संध्याकाळभर ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र माझ्या ताटात दोन जास्त वाढल्या, रागावली की ती तसंच करते.

सकाळी ती शेळीची धार काढत होती. धारेला डोळे लागत नाहीत, हात लागतो. मी बाजूला उभी होते. ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"मी बघितलाच न्हाई त्यो सिनेमा."

मला वाटलं, कालचंच बोलतेय. पण ती तंबूतलं बोलत होती. दिवे गेले, तो माळी यायचा आवाज झाला आणि तिनं डोळे मिटून दाजींच्या कोटात तोंड खुपसलं, ते सिनेमा संपेपर्यंत. लग्नाला दोन महिने झालेले, सासरच्या माणसांत त्यांच्याकडं मान वर करून बघायची सोय नव्हती, आणि इथं तीन तास त्यांच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास आणि खाली काळीज धडधडतंय. तिचं की त्यांचं हे तिला कळलं नाही. परत येताना तिनं त्यांना विचारलं, भूत दिसतं कसं. त्यांनी सांगितलं, उजव्या गालावर डाग. त्यांनी सांगितलं, डोळे काढून ताटलीत ठेवतो. तिनं ते तसंच धरून ठेवलं.

"म्हंजे पन्नास वर्सं तू त्यांचंच बोलत हुतीस," मी म्हटलं.

"मग? माझं माणूस हुतं. पर काल तू गप्प बसलीस आन् मला रातभर झोप न्हाई. त्यांना चेष्टेची लय खोड. डावा दिसला असंल तर मला भोळीला उजवा सांगत्याल. त्यांनी मला खरं सांगितलं का खोटं, एवढं मला बघायचं हाय बघ."

मी तिला तिथंच सांगू शकले असते. सांगितलंही असतं, इतकी ती बारीक दिसत होती त्या शेळीपाशी. पण तिनं दुधाचं भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, पोराला सांग, तारीख घे म्हणावं. मग मी जीभ दाताखाली धरली. आणि ठरवलं की मीही तो सिनेमा पुढं बघायचा नाही, ती बघेपर्यंत.

मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात त्या दिवशी आम्हा सगळ्यांना एका लांब बाकावर बसवलं होतं. डोळ्यात थेंब घालून ठेवलेल्या दहा-बारा बायका, प्रत्येकीच्या कपाळावर कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन त्या बाजूला चिकटपट्टी. मला आपला तंबू आठवला आणि त्यातलं ठिगळ. भाचा बाहेर फॉर्म भरत होता. ती परत उठून पळणार नाही ना म्हणून मी तिच्या पदराचं टोक माझ्या बोटाला गुंडाळून ठेवलं होतं. काहीतरी बोलत राहिलं पाहिजे म्हणून मी शेजारच्या बाईला विचारलं, तुम्ही कधी भुताचा सिनेमा बघितलाय का हो?

काय सांगू, सगळा बाकच बोलायला लागला. एक तासगावकडची बाई म्हणाली, तिनं एक बघितला होता, त्यात बाहुली चालायची. घरी येऊन तिनं नातीच्या सगळ्या बाहुल्या भाताच्या कणगीत बुडवून टाकल्या आणि महिनाभरानं स्वतःच विसरून कणगीत हात घातला. एकीनं सांगितलं, तिच्या नवऱ्यानं सिनेमात किंचाळून पुढच्या माणसाची टोपी ओढली आणि वर बायकोवर ढकललं. जतची एक म्हातारी सगळ्यात टोकाला बसली होती, आमच्यासारखी धनगराचीच. ती म्हणाली, आम्ही काय सिनेमे बघितले नाहीत बया, आमच्या रानात लांडगा यायचा. त्यावर सगळ्या हसल्या. त्या हसण्यात अक्काला नर्सनं हाक मारली.

अक्का उठली आणि नर्सला सगळ्यांच्या देखत विचारलं.

"बाय, डोळा काढून ताटलीत ठिवता का ग तुमी?"

बाकावरच्या सगळ्या जणी नर्सच्या तोंडाकडं वळल्या. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न तिथल्या प्रत्येकीच्या पोटात होता आणि विचारायची छाती एकट्या अक्काला झाली होती. नर्स तरुण होती पण तिला हसू आलं नाही. तिनं सांगितलं की डोळा जागचा हलत नाही. आतला गढूळ झालेला भिंगाचा तुकडा तेवढा बारीक चिरेतून काढतात आणि तिथं नवीन भिंग बसवतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. डोळा आहे तिथंच राहतो, आजी. जतची म्हातारी म्हणाली, हे आधी का नाही सांगत मग? नर्स म्हणाली, दरवेळी सांगतो, पण ऐकायला कोणी डोळे उघडे ठेवतं का?

अक्का आत गेली. तिच्या पदराचं टोक माझ्या बोटावरून सुटलं आणि मला त्या पंधरा-वीस मिनिटांत माझं वय कळलं.

बाहेर आली तेव्हा डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि चेहऱ्यावर फुशारकी. म्हणाली, तोंडावर सगळं हिरवं कापड टाकलं, डॉक्टर त्या बाजूला, मी या बाजूला, नुसता उजेड हलताना दिसत होता. "तुझ्यावानी मागं बसले हुते बघ," ती म्हणाली. "मागनं काय भ्या वाटत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मला वाटलं होतं, ती माझं तोंड बघून काहीतरी बोलेल, दोघींना रडू येईल. ती माझ्या पायांकडं बघत होती. म्हणाली, साडीचा फॉल उलटा लावलाय, साताऱ्याच्या बायकांना एवढंही कळत नाही का? मग खिडकीबाहेर बघितलं. बराच वेळ बघितलं. बाहेर दवाखान्याची पाण्याची टाकी होती आणि तिच्यावर एक कावळा. त्या कावळ्याची तिनं पिसं मोजली असतील.

फोनचं डॉक्टर काही बोलले नव्हते. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही आणि चुलीपुढं बसायचं नाही, एवढंच. पण भाच्यानं महिनाभर तिला फोनवर काही बघू दिलं नाही. मी साताऱ्याला परतले. ती मला रोज फोन करायची, ते फक्त विचारायला, की मी चोरून बघितला तर नाही ना. शेवटी जुलैच्या एका रविवारी आम्ही परत शिराळ्याला गेलो. पडवीत सगळं घर जमलं होतं. सून, भाचा, शेजारच्या दोन बायका. फोन पुन्हा तांब्याला टेकवला. अक्कानं काळा चष्मा काढून पदराला पुसला आणि परत न लावता पुढं सरकून बसली.

मी नावं वाचली. बंगला आला. वारा आला. पूर्वी ज्या जागी तिनं डोळे मिटले असतील ती जागा आली, पावलांचा आवाज. मी तिच्याकडंच बघत होते. ती डोळे मिटत नव्हती. एक हात मात्र माझ्या दंडावर आला होता आणि त्यात शेळीला धरायची ताकद होती.

माळी वळला.

बाकीचे माझ्याकडं बघायला लागले. माळी बागेतून चालत गेला, झाडामागं गेला, परत आला.

"उजवा," ती म्हणाली. हळू म्हणाली, मला एकटीला.

मग मी तिला माझं उलटं भूत सांगितलं. पडद्याची मागची बाजू, उलटी अक्षरं, सगळं. ती इतकी हसली की सून म्हणाली, डोळ्याला त्रास होईल. "म्हंजे पन्नास वर्सं तू उलटं बघून भांडत हुतीस," अक्का म्हणाली. मी म्हटलं, आणि तू डोळे मिटून. शेजारच्या बायकांना काही कळेना की या म्हाताऱ्या भुताच्या सिनेमात एकमेकींच्या पाठीवर थापा का मारतायत.

आणि मग तो प्रसंग आला. माझं तोंड आईच्या पदरात होतं तो. माळ्यानं कोयता उचलला. बंगल्यावर आलेला पाहुणा मागं सरला. माळी जवळ आला, आणखी जवळ आला, आणि कंदील विझला. पुढं दुसरा दिवस. उन्हं पडलेली, पाहुण्याच्या डोळ्यावर फडकं बांधलेलं, डॉक्टर बॅग बंद करून निघालेला. एवढंच.

अक्कानं फोनकडं बोट केलं.

"ताटली कुठं हाय?"

नातीनं मागं घेऊन परत लावलं. ताटली नव्हती. तिसऱ्यांदा लावलं. कोयता, कंदील, अंधार, ऊन. अख्ख्या सिनेमात ताटली नव्हती. चहाच्या कपबश्यासुद्धा नव्हत्या. पलटणीतल्या एका पोरानं जत्रेतून परतताना, आपल्या नव्या बायकोनं अजून थोडं घट्ट धरावं म्हणून, ती ताटली तयार केली होती.

अक्का भिंतीवरच्या दाजींच्या फोटोकडं बघत बसली. एक डोळा स्वच्छ, दुसरा अजून धुरातला. मला धास्ती वाटली की तिला लागेल. या ताटलीपायी ती तीन वर्षं पावलं मोजत चालली होती. पण तिचे ओठ मिशीतल्या हसण्यासारखे हलत होते, अगदी त्यांच्यासारखे.

"गाल खरा, ताटली खोटी," ती म्हणाली. "निम्मं तर खरं बोललं माणूस."

मग तिनं भाच्याला सांगितलं की दुसऱ्या डोळ्याची तारीख नागपंचमी झाल्यावर घे, त्याआधी नको, पंचमीला तिला सगळं नीट बघायचं आहे आणि एका डोळ्याचं तिला भागतं. भाचा हो म्हणायच्या आत ती नातीकडं वळली होती.

"सुरवातीपास्नं लाव," ती म्हणाली, "मला त्यो बंगला नीट बघायचा ऱ्हायला."